गर्दीचं वाक्य

बाबांना मारलं त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दुकानात उभी राहून त्यांच्याशी वाद घालत होते. वाद दरवर्षीचाच होता. उपवासकाळ लागला की तो उकरून काढायचा आणि गुड फ्रायडे उलटला की पुन्हा झाकून ठेवायचा, अशी आमची रीत होती.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील, एवढीच जागा. भिंतीवर आकड्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, समोर किल्ली आवळून धरणारी लोखंडी पकड, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक भुगा. बाबा कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या घासायचे आणि लोकांची अडकलेली दारं उघडून द्यायचे. दाराला कान लावून, डोळे मिटून, आतल्या खटक्याचा अंदाज घेत बसायचे. एरवीही ते हळूच बोलत. वर्षातून एकदाच त्यांचा आवाज चढायचा, तोही चर्चमध्ये.

गुड फ्रायडेला आमच्याकडे येशूच्या दुःखसहनाची कथा वाटून वाचतात. येशूचं बोलणं फादर वाचतात, त्याचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदाराचं दुसरा कुणी, निवेदन तिसरा. गर्दीचं बोलणं मात्र बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी म्हणायचं. या माणसाचं काय करू, असं सुभेदार विचारतो, आणि लोक म्हणतात, क्रुसावर चढवा त्याला. एवढी माणसं आपणहून एका दमात बोलत नाहीत. कुणीतरी पहिला आवाज टाकावा लागतो, मग बाकीचे त्यात शिरतात. तो पहिला आवाज माझ्या आठवणीत कायम बाबांचाच होता.

मी ते वाक्य कधीच म्हटलं नव्हतं. लहानपणी भीतीनं, पुढे समजून-उमजून. ग्रंथालयात काम करते मी. गर्दीनं माणसं मारल्याचं निरनिराळ्या देशांचं, निरनिराळ्या शतकांचं इतकं वाचलंय की त्या दिवशी ओठ घट्ट मिटून बसणं मला सभ्यपणाचं वाटे.

"यंदा तरी म्हणणार का?" कानशीवरचा भुगा फुंकत बाबांनी विचारलं.

"नाही."

"घसा बसलाय?"

"मी त्या गर्दीत नसते, बाबा. मग खोटं कशाला बोलू?"

"बरं. गर्दीत नसतेस, मग कुठे असतेस?"

"घरी."

"घरी म्हणजे खिडकीत," बाबा म्हणाले. "उघडून की लावून, तेवढं सांग."

मी हसले नाही. मग त्यांनी किल्ली पकडीतून सोडवली, उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाकी सगळे दिवस आपण चांगल्या माणसांचं बोलणं म्हणतो. एक दिवस हे म्हणायचं. आपल्या तोंडून, आपल्या कानांनी ऐकायचं. आवाज ओळखीचा झाला, की पुढे कधी कानावर आला तर कळतं, अरे, हा तो."

"कळून काय होतं?"

"काहींचं काही होत नाही. काहींचा हात थांबतो."

तेवढ्यात लंबू आला. लंबू म्हणजे आमच्या भागातला वायरमन. चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसतो. बाबांच्या मागोमाग उठणारा आवाज त्याचा, आणि सगळ्यांत मोठाही त्याचाच. त्याच्या अवजारांच्या पेटीची किल्ली हरवली होती.

"काका, यंदा पहिला आवाज मला द्या की. तुमचा आता म्हातारा झाला."

"घे ना. आधी वेळेवर यायला शीक. मागच्या वर्षी तू आलास तोवर येशूला पुरून झालं होतं."

"ताई, बघा हो, भर बाजारात अब्रू काढतात," लंबू मला म्हणाला आणि हसत, शिटी वाजवत नवी किल्ली घेऊन गेला. मी बाबांचा डबा उचलला. पोळीचा तुकडा तसाच उरला होता. तो मी चिमण्यांना टाकला. तेवढंच. त्या दिवसात याहून अधिक काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणकाम करणारी एक बाई धावत दुकानात आली. पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर तिचं घर. वाळत टाकायला ती बाहेर गेली आणि मागे दार आपटून बंद झालं. आत तिचं दोन वर्षांचं पोर, आणि गॅसवर भांडं. बाबा पिशवी घेऊन तिच्यामागे पळाले. त्यांनी दार उघडलं तेव्हा आत धूर कोंडला होता. बाबांनी नाकातोंडावर रुमाल बांधला. बाई स्वयंपाकघरात गॅस बंद करायला शिरली, आणि बाबांनी कोपऱ्यातलं पोर उचलून मोकळ्या हवेसाठी रस्त्यावर आणलं.

मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या आठवड्यात फोनाफोनीतून फिरत होते. कुणाचंच मूल गेलेलं नव्हतं. पण रस्त्यावरच्यांना दिसलं ते एवढं: सताड उघडं दार, खांद्यावर अवजारांची पिशवी, तोंडाला बांधलेला रुमाल, आणि परक्या माणसाच्या कडेवर किंचाळणारं पोर.

पहिला फटका पाठीत बसला तेव्हा बाबांचे दोन्ही हात पोरात गुंतलेले होते. हे मला त्या बाईनंच सांगितलं. ती दारातून सगळं बघत होती आणि ओरडत होती. दुसरा फटका कानावर बसला. बाबांनी पोराला छातीशी धरून पाठ वळवली. त्याबरोबर लोकांना खात्रीच पटली. चोर पोराला सोडत नाही, म्हणाले. कुणीतरी लोखंडी स्टूल आणलं. बाबा गुडघ्यांवर बसले. मार सहन झाला नाही म्हणून नव्हे. उंचावरून पोर टाकलं तर त्याला लागेल म्हणून. त्यांनी त्याला जमिनीवर ठेवलं आणि दाराच्या बाजूला ढकललं. "पोराला धरा कुणीतरी," एवढंच ते म्हणाले. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाचं डोकं सगळ्यांच्या हाताशी येतं. पुढचं त्या उंचीवर झालं.

त्यांच्याच पिशवीतली त्यांचीच हातोडी. बरगड्या, जबडा, उजव्या हाताची बोटं, आणि शेवटी कवटी. डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं आणि एकेक हाड नावानं सांगितलं. मीच तसा आग्रह धरला होता. पुस्तकं वाचणाऱ्यांना वाटतं, नाव कळलं की गोष्ट ताब्यात येते.

समोरच्या इमारतीच्या खिडकीतून कुणीतरी ते फोनवर टिपलं होतं. मी पाहिलं. त्यात पाठीच दिसतात, बाबा दिसतच नाहीत. पाठींच्या मधून कधी एक चप्पल दिसते, कधी काही नाही. चेहरे वरून ओळखू येत नव्हते. पोलिसांनाही येत नव्हते. पण आवाज होता. आधी नुसता गलका, मग एका आवाजानं "मारा" म्हटलं आणि बाकीचे आवाज त्यात शिरले. मी फोन थांबवला. पुन्हा लावला. तो आवाज मी दरवर्षी, डोक्याच्या दीड हात पुढून, ऐकत आले होते. छताला जाऊन भिडणारा, शेवटचं अक्षर ओढणारा. बाबा म्हणाले होते तसंच झालं. कानावर आला आणि कळलं, हा तो.

मी पोलिसांना लंबूचं नाव सांगितलं. त्याच्या सदऱ्यावर रक्त सापडलं. त्यानं कबूलही केलं, रडत, पुन्हा पुन्हा तेच सांगत: तोंडावर रुमाल होता, आणि मी पोचलो तेव्हा नुसतं रक्त होतं, काका आहेत हे कळलंच नाही.

काका नसते, तर चाललं असतं? हे त्याला विचारायचं होतं. विचारायला तो समोर नव्हता, कोठडीत होता.

शवपेटी आम्ही उघडली नाही. त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला आई आणि मी घरातच होतो. चर्चमधलं वाचन खिडकीतून अस्पष्ट ऐकू येतं. आईनं उठून खिडकी लावली.

पुढच्या हिवाळ्यात लंबू जामिनावर सुटला. त्या संध्याकाळी मी दुकान उघडलं आणि बाबांची तिकोनी कानस घेतली. कानशीला मागे शेपटी असते, ती लाकडी मुठीत ठोकून बसवतात. मूठ काढली की ती शेपटी सुळ्यासारखी हातात येते. मी मूठ काढून तिथेच पकडीपाशी टाकली आणि सुळा दगडावर घासला. बाबांनी शिकवलं होतं, दाब कमी, हात लांब. धार छान आली. मग मी ती कानस फडक्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवू लागले. ग्रंथालयात वाचकांना पुस्तकं देताना, रस्त्यानं जाताना, ती माझ्या बरगडीला लागत असे आणि त्यानं मला बरं वाटे. माणसं ज्याला सांत्वन म्हणतात ते मला त्या वर्षात तिथेच मिळालं, हे खरं आहे.

मी ठरवलं होतं कुठे. मानेत, कानाच्या खाली. घरी कोबीच्या गड्ड्यावर करून पाहिलं. पहिल्यांदा सुळा घसरला. मग मी गड्डा डाव्या हातानं दाबून धरला आणि खुपसला, बाहेर काढला, पुन्हा खुपसला. किती वेळा, कोण जाणे. पानांचा आवाज ओलसर होता. थांबले तेव्हा आई दारात उभी होती.

"कोबीनं काय केलंय तुझं?" तिनं विचारलं.

आईनं उरलासुरला गड्डा उचलला, धुतला, चिरला आणि फोडणीला टाकला. आम्ही दोघींनी तो खाल्ला.

गुड फ्रायडेच्या आठवड्यात फादर घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली.

"गर्दीचा पहिला आवाज कुणी द्यायचा, असा प्रश्न आहे," ते मला म्हणाले. "वाटलं, तुला विचारावं. बाबांच्या जागी."

"मी ते वाक्य म्हणत नाही, फादर. तुम्हाला माहीत आहे."

"मग दुसरं कुणी..."

"उमेदवारांची काय कमी?" आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. ती बाबांच्या जुन्या सदऱ्याची बटणं काढत होती. "अर्धी गल्ली तालीम करून तयार आहे."

फादरांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "तो पण येणार आहे. मला विचारायला आला होता, येऊ का म्हणून. मी नाही म्हणू शकलो नाही."

"येऊ दे," मी म्हणाले. आईचे हात बटणावर थांबले.

वाचनानंतर क्रुसाला वंदन असतं. मोठा लाकडी क्रूस वेदीच्या पायऱ्यांवर टेकवतात, आणि माणसं रांगेनं जाऊन, गुडघे टेकून त्यावरच्या येशूच्या पायांना ओठ लावतात. गुडघे टेकलेल्या माणसाची मान पुढे येते. आमच्या पुढच्या बाकावरचा माणूस रांगेत माझ्या पुढे असणार. मी अगदी शांतपणे, एखादं पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचं हे ठरवावं तसं, हे सगळं ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी चर्चच्या दाराशी लंबू उभा होता. निम्मा झाला होता तो. सदऱ्याची कॉलर मानेपासून लांब उभी. लोक त्याला वळसा घालून आत जात होते.

"ताई," तो म्हणाला. "मी मागे उभा राहतो. खांबापाशी."

"पुढे बस."

"नको ताई, लोक..."

"नेहमीच्या जागी बस," मी म्हणाले. "आमच्या पुढे."

त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. त्याचे डोळे भरून आले. मी माफ केलं असं त्याला वाटलं असावं. तो आत गेला आणि आमच्या पुढच्या बाकावर, माझ्या बरोबर समोर, बसला. त्याच्या त्या अख्ख्या बाकावर दुसरं कुणीही बसलं नाही.

वाचन सुरू झालं. बाग, मशाली, चुंबन. ज्यानं तलवार उपसून दुसऱ्याचा कान कापला, त्याला येशू ती म्यानात घालायला सांगतो, ते आलं. मी पर्समध्ये हात घातला आणि फडकं सोडलं. सुळा गार होता. डोळ्यांसमोर लंबूची मान. केस नुकतेच कापलेले, खाली पांढरी कातडी, त्यात एक शीर उडत होती. कानाखाली, मागून, थोडं वर. देवानं मला त्या घटकेला कुणी चांगलं माणूस आठवून दिलं, असं काहीही झालं नाही. मला फक्त ती शीर दिसत होती.

सुभेदाराचं बोलणं वाचणारे मास्तर उभे होते. त्यांनी विचारलं, मग या माणसाचं मी काय करू?

आणि कुणी बोललंच नाही.

सुरुवातीला वाटलं, पहिला आवाज यायचा आहे. लोकांनी माना वर केल्या, खाली घातल्या. मास्तरांनी चष्मा सारखा करून तोच प्रश्न पुन्हा वाचला. कुणीतरी खोकलं. फादर वेदीपाशी उभे होते. येशूचं बोलणं त्यांच्याकडे होतं आणि या ठिकाणी येशूला बोलणं नाही. ते लोकांकडे बघत राहिले.

मी मान वळवून बाकांवरून नजर फिरवली. समोरच्या इमारतीतले लोक होते, खिडक्यांवाले. स्टूल ज्याच्या दुकानातलं होतं तो होता. त्या दिवशी घरी नव्हतोच म्हणणारे होते. सगळ्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मी ते ओठ ओळखले. माझेच होते, आयुष्यभराचे. आज सगळं चर्च माझ्यासारखं झालं होतं: मी त्या गर्दीत नसते. एकही जण नसता. मग ते कुणी केलं होतं?

पुढच्या बाकावर लंबूनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्यानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं आणि खाली वाकला. मान आणखी पुढे आली. वंदनाची वाट बघायचीही गरज नव्हती. उठून हात टाकला की झालं.

मी उठले. कानस मुठीत होती, पर्सच्या बाहेर.

तेव्हा आईनं, माझ्याकडे न बघता, पदराखालून हात काढला आणि बाकाच्या फळीवर काहीतरी ठेवलं. लाकडी मूठ होती. बाबांच्या तळव्यानं झिजलेली, अंगठ्याच्या जागी खोलगट. कधीपासून तिच्याकडे होती, मला माहीत नाही.

"उघडी नको ठेवू," आई हळूच म्हणाली. "हाताला लागेल."

सुळा खरंच माझ्या तळव्यात रुतला होता. रक्त मनगटावर आलं होतं आणि मला कळलं नव्हतं. मी ती मूठ बघितली, आणि लंबूची मान, आणि मग मला माझ्या घशात काहीतरी वर येताना जाणवलं. तो हुंदका नव्हता. मी तो आवाज ओळखला. फोनवर पुन्हा पुन्हा थांबवून ऐकला होता मी. तो लंबूचा एकट्याचा कधीच नव्हता. कोबी भोसकताना तो माझ्यात होता, दगडावर सुळा घासताना होता, आणि बाबांना इतकी वर्षं तो स्वतःत ऐकू येत असणार. नाही तर त्या हळू बोलणाऱ्या माणसानं दरवर्षी त्या एका जागी एवढा मोठा आवाज कुठून आणला असता?

मी गुड फ्रायडेला त्या लाकडावरच्या माणसासाठी जात होते. बाबा त्याच्यासमोर उभं राहण्यासाठी जात होते, गर्दीतल्या आपल्या जागेवर, ती जागा कुठे आहे हे विसरायला होऊ नये म्हणून.

मी कानस मुठीशेजारी फळीवर ठेवली. लोखंडाचा आवाज झाला. लंबूनं मागे वळून पाहिलं. आधी त्यानं कानस पाहिली, मग माझा हात, मग मला. त्याला सगळं कळलं. तो पळाला नाही. मान तशीच ठेवून बसून राहिला.

मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी त्यांचा आवाज चिरकला.

मी लंबूच्या डोळ्यांत बघत, पोट आत ओढून, बाबा घ्यायचे तसा पूर्ण श्वास घेतला, आणि गर्दीतल्या माझ्या जागेवरून, छतापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले:

"क्रुसावर चढवा त्याला."